आधी जाहिराती अडवा

घरच्या कॉम्प्युटरच्या सुरक्षेचा विषय अलिबागेत कुणाकडेही काढा, चार ठरावीक उत्तरं मिळतात. आमच्याकडे चोरण्यासारखं आहेच काय? अँटिव्हायरस टाकलेला आहे. आम्ही भलत्यासलत्या साइटवर जात नाही. आणि चौथं, जाहिराती अडवणं काही बरोबर नाही. फुकट वाचायचं तर तेवढं सोसायला हवं. ही उत्तरं देणारी माणसं विचारी आहेत, म्हणूनच ती गांभीर्याने तपासायला हवीत. माझा पक्ष आधीच मांडतो. घरच्या कॉम्प्युटरचा पहिला पहारा म्हणजे जाहिराती अडवणं आणि अपडेट वेळच्या वेळी घेणं. अँटिव्हायरस हा शेवटचा पहारा. आपण मात्र शेवटच्यावर सगळा भार टाकून पहिला मोकळा सोडतो.

चोरण्यासारखं काय आहे, या प्रश्नाचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळतं. रेवसच्या धक्क्यावरून खाडीपलीकडे करंजा, तिथून उरण आणि पुढे न्हावा-शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर. 27 जून 2017 रोजी तिथल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचं काम ‘नॉटपेट्या’ नावाच्या व्हायरसने ठप्प केलं. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाशी जोडलेलं. हल्ल्याचा रोख होता युक्रेनवर. तिथल्या धंद्यांत सर्रास वापरलं जाणारं हिशेबाचं एक सॉफ्टवेअर हल्लेखोरांनी गाठलं आणि त्याच्या अपडेटमधून व्हायरस सोडला. तो मर्स्कच्या जाळ्यात शिरला आणि बघता बघता उरणपर्यंत पोचला. मर्स्कला सुमारे 45,000 कॉम्प्युटर आणि 4,000 सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. नुकसानीचा अंदाज 20 ते 30 कोटी डॉलरचा होता.

उरणच्या कुणाशीही त्या हल्लेखोरांचं वैर नव्हतं. व्हायरस माणूस पाहून येत नाही, उघडी वाट सापडली की येतो. शिवाय ‘आमच्याकडे काही नाही’ हेही खरं नाही. नागाव, वरसोली, आक्षी, किहीम इथे ज्यांच्या घरी पर्यटक उतरतात, त्यांच्या कॉम्प्युटरवर पाहुण्यांच्या आधारकार्डांच्या प्रती असतात. सातबारा, पॅन, पासबुकाची स्कॅन केलेली पानं, मुलांच्या गुणपत्रिका असतात. ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले ईमेलचे आणि बँकेचे पासवर्ड असतात. आपल्या विश्वासावर ओळखपत्र देऊन गेलेल्या परक्या कुटुंबाची कागदपत्रं सांभाळणं ही आपली जबाबदारी आहे. ती ‘चोरण्यासारखं काय आहे’ म्हणून झटकता येणार नाही.

दुसरं उत्तर अँटिव्हायरसचं. मी अँटिव्हायरसच्या विरोधात मुळीच नाही. कैलास आणि संजय काटकर या भावांनी पुण्यात दुरुस्तीच्या व्यवसायातून क्विक हील उभं केलं, त्याचा प्रत्येक मराठी माणसाला अभिमान वाटावा. पण अँटिव्हायरस काय करू शकतो, हे समजून घेतलं पाहिजे. तो ओळखीच्या व्हायरसच्या खुणा तपासतो आणि संशयास्पद वागणूक दिसली तर अडवतो. आज सकाळी सोडलेला नवा व्हायरस त्याला कदाचित उद्या कळेल. आणि ‘इन्स्टॉल करू का?’ या प्रश्नाला आपणच ‘हो’ म्हटलं, तर अनेकदा त्याचा नाइलाज होतो. त्यातही कित्येक घरांत तो क्रॅक केलेला असतो. पैसे वाचवण्यासाठी कुणा अनोळखी माणसाने कुलूप तोडलेलं सुरक्षेचं सॉफ्टवेअर घरात आणायचं आणि त्याच्याच भरवशावर झोपायचं, याला सुरक्षा म्हणत नाहीत. त्यापेक्षा विंडोज 10 आणि 11 मध्ये मुळातच असलेला डिफेंडर चालू ठेवणं कितीतरी बरं. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रातर्फे 2017 पासून सफाईची साधनं मोफतही मिळतात.

तिसरं उत्तर सगळ्यांत फसवं आहे, कारण ते सभ्यपणाशी जोडलेलं आहे. वाईट साइटवर गेलं तरच व्हायरस येतो, असं आपण धरून चालतो. सप्टेंबर 2009 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या संकेतस्थळावर वाचकांना अचानक ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ अशी खिडकी दिसू लागली. एका नावाजलेल्या फोन कंपनीच्या नावाने घेतलेल्या जाहिरातीच्या जागेतून खोटा अँटिव्हायरस विकला जात होता. मार्च 2016 मध्ये न्यूयॉर्क टाइम्स, बीबीसी, एमएसएन अशा संकेतस्थळांवर विषारी जाहिराती पोचल्या. जुनी, अपडेट न केलेली सॉफ्टवेअर असतील तर क्लिकचीसुद्धा गरज नव्हती. हे घडतं, कारण पानावरची जाहिरातीची जागा पान उघडत असताना क्षणभरात लिलावात विकली जाते. कोणती जाहिरात लागली, हे संपादकाला माहीत नसतं. म्हणून साइट सज्जन असली तरी जाहिरात सज्जन असेलच असं नाही.

आपल्या रोजच्या वापरातलं उदाहरण घ्या. मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी मराठी टायपिंग हवं आहे. ती ‘मराठी टायपिंग फ्री डाउनलोड’ असं शोधते. सर्वांत वरचे निकाल ‘प्रायोजित’, म्हणजे पैसे देऊन वर आणलेले. पान उघडलं की तीन-चार मोठी हिरवी बटणं दिसतात आणि प्रत्येकावर ‘डाउनलोड’. त्यातली बहुतेक जाहिराती असतात. खरा दुवा खाली बारीक निळ्या अक्षरांत असतो. मुलगी हिरवं बटण दाबते, येणाऱ्या प्रत्येक खिडकीला ‘नेक्स्ट’ म्हणते, आणि टायपिंगऐवजी भलतंच काहीतरी कॉम्प्युटरवर बसतं. यात त्या मुलीचा दोष नाही, कारण पानाची रचनाच फसवण्यासाठी केलेली आहे. खरं तर तिला काहीच उतरवून घ्यायची गरज नव्हती. मे 2019 च्या अपडेटपासून विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन तो चालू केला की झालं.

आता चौथं उत्तर, आणि ते मला खरोखर महत्त्वाचं वाटतं. वृत्तपत्रं, साप्ताहिकं, छोटे मराठी प्रकाशक जाहिरातींवर जगतात. जाहिराती अडवल्या तर त्यांच्या पोटावर पाय येतो. हा आक्षेप प्रामाणिक आहे. पण छापील अंकाचा जाहिरात विभाग मजकूर वाचतो, जाहिरातदार कोण हे जाणतो आणि मगच जागा देतो. हीच जबाबदारी इंटरनेटवर कुणी घेत नसेल, तर धोका वाचकाने का पत्करायचा? ज्या मराठी संकेतस्थळावर तुमचा विश्वास आहे, त्याला जाहिरातरोधकात खुशाल सूट द्या; त्याहून उत्तम म्हणजे वर्गणी भरा. लेखकाचं ऋण वर्गणीने फिटतं, आपल्या घराची सुरक्षा पणाला लावून नव्हे. आणि हा काही माथेफिरू सल्ला नाही. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनेच नागरिकांना शोध घेताना जाहिरातरोधक वापरण्याची सूचना केली, कारण ठग नामांकित कंपन्यांच्या नावाने शोधयंत्रांवर जाहिराती देत होते.

एक आक्षेप अजून उरतो. नॉटपेट्या अपडेटमधूनच आला, मग अपडेट का घ्यायचं? कारण त्याने पसरण्यासाठी वापरलेल्या विंडोजमधल्या एका मोठ्या भगदाडावर मायक्रोसॉफ्टने 14 मार्च 2017 लाच उपाय दिला होता. त्याच भगदाडातून 12 मे रोजी ‘वॉनाक्राय’ हा व्हायरस जगभर पसरला, आणि तरीही जूनपर्यंत असंख्य कॉम्प्युटर तसेच राहिले. एका अपडेटमधून विष आलं म्हणून सगळी अपडेट बंद करणं म्हणजे एका औषधात भेसळ निघाली म्हणून दवाखान्याची पायरीच न चढणं. नॉटपेट्याने आणखी एक गोष्ट शिकवली. तो कॉम्प्युटरच्या स्मृतीतले पासवर्ड उचलायचा आणि त्यांच्या जोरावर जाळ्यातल्या अपडेट केलेल्या कॉम्प्युटरांतही घुसायचा. म्हणून सगळे अधिकार असलेल्या खात्यातून रोजचं काम करू नये.

तेव्हा करायचं काय? फायरफॉक्समध्ये ‘यूब्लॉक ओरिजिन’ हा जाहिरातरोधक बसवा. क्रोममध्ये त्याची ‘लाइट’ आवृत्ती मिळते. अपडेट फक्त कॉम्प्युटरच्या सेटिंगमधून घ्या. एखादं पान ‘तुमचा ब्राउझर जुना झालाय’ म्हणालं तर ते पान बंद करा. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हा त्याचा बंदोबस्त करा. मुलांसाठी आणि स्वतःच्या रोजच्या वापरासाठी मर्यादित अधिकारांचं वेगळं खातं उघडा. महत्त्वाच्या कागदपत्रांची आणि फोटोंची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर खंडणीखोर व्हायरस तीही कुलूपबंद करतो. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ आपण अनुभवलं आहे. फोटो आणि कागदपत्रांची दुसरी प्रत दुसऱ्या जागी असण्याचं महत्त्व आपल्या किनाऱ्याला वेगळं सांगायला नको.

पडदा लाल होऊन भोंगा वाजू लागला आणि ‘या क्रमांकावर ताबडतोब फोन करा’ असं दिसलं, तर फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन क्रमांक कधीच नसतो. ब्राउझर बंद होत नसेल तर पॉवरचं बटण दाबून धरा. कुणी फोनवरून कॉम्प्युटरचा ताबा घेतलाच असेल, तर आधी इंटरनेट तोडा, दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदला, बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर विनाविलंब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आजच समजावून सांगा, आणि त्यांच्याकडून चूक झालीच तर रागावू नका. ओरडा बसेल या भीतीने ती चूक लपवतात, आणि पैसे परत मिळण्याची शक्यता तासातासाने कमी होत जाते.

यातल्या बहुतेक कामांना एक पैसाही लागत नाही. रविवारची एक सकाळ पुरते. येत्या रविवारी आपल्या घरचा कॉम्प्युटर उघडा, आधी जाहिराती अडवा, मग अपडेट घ्या. आपलं झालं की शेजाऱ्याच्या घरी जाऊन तेही करून द्या.