‘येत नाही’ आणि ‘येता येत नाही’

मराठी वाचकाच्या मनात परदेशी गेलेल्या मुलाची एक मूर्ती पक्की बसलेली आहे. तो शिकतो, जातो, आधी पत्रे पाठवतो, मग पैसे पाठवतो आणि शेवटी काहीच पाठवत नाही. इकडे म्हातारा-म्हातारी दाराकडे डोळे लावून बसतात. या मूर्तीला सर्वांत ठसठशीत रूप दिले ते आमच्याच जिल्ह्यातल्या आरवलीच्या जयवंत दळवींनी. १९७०च्या दशकात रंगभूमीवर आलेल्या त्यांच्या ‘संध्याछाया’त एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यदलात आणि मागे उरलेले आईवडील आहेत. हे नाटक आम्ही वर्षानुवर्षे शिकवतो आणि त्याच्या थोरवीविषयी आमच्या मनात शंका नाही. आमचे भांडण नाटकाशी नाही. ते वाचून मराठी वाचकाला जी एक सोयीची सवय जडली आहे, तिच्याशी आहे.

ती सवय अशी की, न येणे म्हणजे विसरणे, असे आपण समजून चालतो. मालवण, वेंगुर्ला, देवगड या पट्ट्यात एखाद्या घरचा मुलगा चार गणपती आला नाही, की वाडीत निकाल लागतो : “थंयचोच झालो तो!” वाक्य तीन-चार शब्दांचे, पण त्यात आरोपपत्र, साक्ष आणि शिक्षा असे सारेच आहे. साहित्याचे शिक्षकही या निकालावर ‘मूल्यांचा ऱ्हास’, ‘कुटुंबसंस्थेचे विघटन’ असे शिक्के मारून मोकळे होतात. मराठीत ‘येत नाही’ आणि ‘येता येत नाही’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत, पहिल्यात इच्छा नाही आणि दुसऱ्यात वाट नाही, एवढा साधा व्याकरणाचा भेद व्याकरण शिकवणाऱ्यांनीच विसरावा, हे आम्हाला मान्य नाही.

येथे थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेने १९६५च्या कायद्याने वंश-राष्ट्रावर आधारलेली जुनी कोटापद्धती मोडली आणि भारतीय डॉक्टर-इंजिनिअरांना दार उघडले. दळवींच्या नाटकातला मुलगा त्या दारातून गेलेल्या पिढीचा. त्या काळी भारतीयांची रांग आजच्यासारखी दशकांची नव्हती. तो मुलगा येत नसेल, तर त्या न येण्यात त्याच्या निवडीचा वाटा मोठा होता आणि म्हणूनच नाटकाचा नैतिक ताण खरा होता. पुढे १९९०च्या कायद्याने नोकरीच्या आधारे द्यायच्या ग्रीन कार्डांची संख्या वर्षाला सुमारे १,४०,००० ठरवली आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणतः ७ टक्क्यांहून अधिक जागा जाऊ नयेत, हे बंधन कायम राहिले. आइसलंड असो वा भारत, मर्यादा तीच. शिवाय या संख्येत अर्जदाराची पत्नी आणि मुलेही मोजली जातात. चौघांचे कुटुंब म्हणजे चार जागा. याच १९९०च्या कायद्याने एच-१बी व्हिसाही आजच्या रूपात आणला आणि त्या व्हिसावर भारतीय मोठ्या संख्येने जाऊ लागले. दार रुंद झाले, पण आतल्या दालनाची चौकट तेवढीच राहिली. रांग लागली ती तेथे.

ही रांग किती लांब आहे? २०२५ साली उच्चशिक्षित भारतीयांच्या नोकरी-गटांत २०१२-१३ च्या सुमारास रांगेत लागलेल्यांचे नंबर येत होते. नागरिक झालेल्या भावाने वा बहिणीने केलेल्या अर्जांच्या गटात भारतासाठीची तारीख २००६ च्या घरात होती. ज्याच्या नावाने अर्ज केला तेव्हा तो पस्तिशीचा असेल, तर उत्तर येईपर्यंत त्याच्या मुलांची लग्ने झालेली. दर महिन्याला अमेरिकेचे परराष्ट्र खाते या तारखांचे पत्रक काढते. तारीख कधी दोन आठवडे पुढे सरकते, कधी जागीच राहते आणि कधी चक्क मागे जाते. मागे जाणारा दिनांक ही कल्पना एखाद्या नवकथाकाराने मांडली असती, तर आपण तिच्यावर परिसंवाद भरवला असता.

आता ‘येता येत नाही’ याचा अर्थ पाहू. एच-१बी वर असलेल्याच्या पासपोर्टवरील व्हिसाची मुदत संपली तरी, राहण्याचा परवाना चालू असेल तर त्याला तेथे कायदेशीरपणे राहता येते. पण एकदा देशाबाहेर पडला, की नवा व्हिसा घेतल्याशिवाय आत जाता येत नाही. त्यासाठी वकिलातीत मुलाखतीची वेळ मिळाली पाहिजे, आणि ती वेळेत मिळाली नाही तर ज्या नोकरीवर सारा अर्ज उभा आहे ती नोकरीच धोक्यात येते. मार्च २०२० मध्ये वकिलातींनी नेहमीचे व्हिसाकाम थांबवले आणि जूनमध्ये बाहेर असलेल्या नव्या एच-१बी धारकांचा प्रवेशच एका घोषणेने रोखला गेला. ती बंदी मार्च २०२१ पर्यंत टिकली. अशा वेळी आजारी बापाला भेटायला निघालेला मुलगा पत्नी आणि मुलांपासून तुटण्याचा धोका पत्करून निघत असतो. हे माहीत नसलेल्या वाडीने त्याला कृतघ्न म्हणावे हे समजू शकते. पण माहिती करून घेण्याची तसदी न घेता समीक्षकानेही तेच म्हणावे?

आणखी एक गाठ आहे. आईवडिलांसाठी कायमच्या वास्तव्याचा अर्ज करण्याचा हक्क फक्त अमेरिकी नागरिकाला असतो आणि नागरिकत्वाचा अर्ज कार्ड मिळाल्यानंतर सामान्यतः ५ वर्षांनी करता येतो. म्हणजे मालवणात एकटी राहणारी आई ज्या रांगेच्या अगदी शेवटी उभी आहे, त्या रांगेत तिचे नावही नाही. उलट टोकाला नातवंडे आहेत. एकविसावे वर्ष ओलांडले की मूल पालकांच्या अर्जातून बाद होऊ शकते. २००२च्या कायद्याने काही काळ वजा करण्याची सवलत दिली, पण नंबर येण्याच्या दीर्घ प्रतीक्षेला ती पुरत नाही. मधे पत्नी आहे. पदवी हाती असूनही एच-४ वरच्या स्त्रियांना २०१५ पर्यंत नोकरीची परवानगी नव्हती. त्या वर्षी ती काहींना मिळाली, तीही नवऱ्याचा अर्ज एका विशिष्ट टप्प्यावर पोहोचला असेल तरच. एका फाइलने तीन पिढ्यांची आयुष्ये अशी बांधून ठेवली आहेत.

यावर ठरलेला आक्षेप येईल, तो आम्हाला ठाऊक आहे : हे सुखवस्तू लोक, स्वखुशीने गेलेले, रापणीवर पोट असलेल्या मच्छीमाराचे दुःख सोडून यांच्यासाठी अश्रू कशाला? आम्ही अश्रू मागत नाही. आम्ही अचूकपणा मागतो. शिवाय ही सवय परदेशस्थांपुरती नाही. गिरणीतला चाकरमानी शिमग्याला आला नाही, की घर त्याच्या बायकोला बोल लावी. रजा नाकारणारा मालक त्या गोष्टीत कुठेच नसे. कचेरीचा, कायद्याचा, मालकाचा दोष घरातल्या माणसाच्या स्वभावावर ढकलायचा, ही आपली जुनी रीत आहे. तिचा लाभ नेहमी कचेरीलाच होतो.

आणि या रीतीवरचा उतारा म्हणून आपण काय सांगतो, तर ‘धीर धरा’. विरहिणीपासून शबरीपर्यंत प्रतीक्षेचे एवढे गुणगान आपण ऐकले-ऐकवले आहे, की प्रत्येक प्रतीक्षा आपल्याला साधनाच वाटते. पण प्रियकराची वाट पाहणे आणि शिक्क्याची वाट पाहणे यांत फरक आहे. दुसऱ्या प्रतीक्षेला कोणीतरी लांबवत असते. या भूमीतल्या गाऱ्हाण्याला हे कळते. गाऱ्हाण्यात देवाला नावाने हाक मारतात, मागणे उघड मांडतात आणि भोवतालची माणसे ‘व्हय म्हाराजा’ म्हणत त्या मागण्याची साक्षी होतात. एकट्याने मुकाट सोसणे ही आपली परंपरा आहे, असे म्हणणाऱ्याने गाऱ्हाणे ऐकलेले नसावे.

रांगेतल्या माणसांनीही एकदा असे गाऱ्हाणे घातले होते. जुलै २००७ च्या पत्रकात नोकरी-गटांच्या तारखा खुल्या झाल्याचे जाहीर झाले, हजारोंनी धावपळ करून कागद जमवले आणि २ जुलैला तो निर्णय मागे घेतला गेला. तेव्हा या लोकांनी, आदल्याच वर्षी आलेल्या ‘लगे रहो मुन्नाभाई’चा धडा गिरवत, तेथील नागरिकत्व व स्थलांतर सेवेच्या संचालकांना फुले पाठवली. संचालकांनी ती जखमी सैनिकांच्या रुग्णालयांकडे वळवली. पण १७ जुलैला सरकारने माघार घेतली आणि अर्ज स्वीकारले. रांग त्यामुळे संपली नाही. देशनिहाय मर्यादा उठवणारे विधेयक २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झाले, २०२० मध्ये सिनेटने आपला वेगळा मसुदा संमत केला, दोहोंचा मेळ बसला नाही आणि सारे बारगळले. तरी विलंबाला कर्ता असतो आणि त्याला विचारता येते, एवढे २००७ ने सिद्ध केले.

मग साहित्याच्या शिक्षकांनी काय करावे? आमच्या मते आपले काम भाषेचे आहे. ‘प्रायॉरिटी डेट’, ‘रेट्रोग्रेशन’, ‘एज आउट’ हे शब्द मुलगा फोनवर बोलतो आणि आईला त्यातून एवढेच ऐकू येते की तो काहीतरी टाळतो आहे. ‘रांगेची तारीख’, ‘मागे सरकलेली तारीख’, ‘वयामुळे बाद’ असे साधे मराठी शब्द रुळले, तर निदान घरातला संशय तरी कमी होईल. आमचा अनुभव असा की, विलंब नेमका कुठे अडला आहे हे ज्या घरात सर्वांना ठाऊक असते ते घर तो सोसू शकते. ज्या घरात तो मुलाच्या मनातला विलंब समजला जातो ते घर आतून फाटते. ‘संध्याछाया’ शिकवावे, जरूर शिकवावे. पण त्याच तासाला त्या महिन्याचे तारखांचे पत्रकही फळ्यावर लिहावे आणि विद्यार्थ्यांना विचारावे की, आजच्या नाटकात खलपुरुष कोण, आणि तो रंगमंचावर का दिसत नाही? न दिसणाऱ्या पात्राला रंगमंचावर ओढून आणणे हे समीक्षेचे काम आहे. ते आपण करत नाही तोवर त्या पात्राची शिक्षा मुलगा भोगत राहील, आणि त्याहून अधिक त्याची आई.