पुडीत किती मिलिग्रॅम?

दुखणे थांबले म्हणजे आजार बरा झाला, असे मानण्याची आपली जुनी सवय आहे. गुडघे धरलेल्या आजोबांना कोणीतरी आठवडी बाजारातून संधिवाताची पुडी आणून देते. तीन-चार दिवसांत आजोबा काठीविना देवळापर्यंत जाऊन येतात आणि साऱ्या गल्लीत त्या पुडीचा बोलबाला होतो. पुडीत काय होते आणि किती होते, हे मात्र कोणी विचारीत नाही. अशा बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असल्याचे आपल्या देशात अनेकदा तपासणीत आढळले आहे.

मी पदार्थविज्ञानाचा अध्यापक आहे, डॉक्टर नव्हे. कोणते औषध घ्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु जी राशी मोजलेली नाही तिच्यावर भरवसा ठेवू नये, हे सांगणे माझ्या विषयाचे कामच आहे. म्हणून माझे म्हणणे एवढेच की, ज्या औषधाचे नाव, मात्रा आणि मुदत ठाऊक नाही ते पोटात जाऊ देऊ नये. असे का, हे समजण्यासाठी आपल्याच शरीरातील एका संप्रेरकाची ओळख करून घेऊ.

आपल्या दोन मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. वजन प्रत्येकी अवघे चार-पाच ग्रॅम. हिच्या बाहेरच्या थरात कॉर्टिसॉल नावाचे स्टिरॉइड जातीचे संप्रेरक तयार होते. प्रौढ माणसाच्या शरीरात दिवसाला साधारण १० ते २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल बनते. तांदळाचा एक दाणा सुमारे २० मिलिग्रॅमचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे ही मात्रा किती अल्प आहे ते कळेल. रक्तदाब राखणे, उपाशीपोटी रक्तातील साखर टिकविणे, आजाराच्या वा अपघाताच्या वेळी शरीराला तोंड देण्यास सिद्ध करणे, ही सारी कामे या दाणाभर रसायनावर अवलंबून असतात. सूज आणि वेदना आटोक्यात ठेवण्याचे कामही त्याचेच.

या ग्रंथी निकामी झाल्या तर माणूस कसा खंगत जातो, याचे वर्णन इंग्लंडमधील टॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली केले. उलट बाजू अमेरिकेतील शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी १९३२ साली मांडली. पीयूषिका ग्रंथीतील लहानशा गाठीमुळे अधिवृक्क ग्रंथींना सतत चेतना मिळत राहिली, तर चेहरा गोल होतो, पोट सुटते, हातपाय बारीक होतात आणि हाडे ठिसूळ होतात. थोडक्यात, कॉर्टिसॉल फार कमी झाले तरी जीव धोक्यात येतो आणि फार झाले तरी शरीर पोखरले जाते.

हेच रसायन औषध म्हणून कसे आले, ती हकीकत मोठी उद्बोधक आहे. मेयो क्लिनिकमधील डॉक्टर फिलिप हेंच यांना १९२९ साली एक गोष्ट दिसली. सांधेदुखीच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि काविळीबरोबर त्याचे सांधे दुखायचे थांबले. पुढे गरोदर स्त्रियांचीही सांधेदुखी कमी होते असे त्यांना आढळले. शरीरातीलच एखादे द्रव्य हे काम करीत असावे, असा त्यांनी तर्क केला. त्याच संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडल यांनी अधिवृक्क ग्रंथींतून वेगळे काढलेले कॉर्टिझोन अखेर २१ सप्टेंबर १९४८ रोजी एका तरुण रुग्ण स्त्रीला टोचण्यात आले. मात्रा होती दिवसाला १०० मिलिग्रॅम. धड चालताही न येणारी ती बाई आठवड्याभरात बाजारात जाऊन आली. हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडमध्ये याच विषयावर काम करणारे टाडेउश राइखस्टाइन या तिघांना १९५० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु १०० मिलिग्रॅम म्हणजे किती? कॉर्टिझोनचे शरीरात कॉर्टिसॉल होते. ते हिशेबात धरले तर ही मात्रा शरीराच्या रोजच्या उत्पादनाच्या चार-पाच पट किंवा त्याहूनही अधिक भरते. अशी मात्रा चालू राहिली की कुशिंग यांनी वर्णिलेली लक्षणे औषधानेच उमटतात, हे लवकरच दिसून आले. चमत्कार खरा होता आणि त्याची किंमतही खरी होती.

ती किंमत हाडांना कशी मोजावी लागते? विद्यार्थी मित्रांनो, हाड म्हणजे दगड नव्हे. आपल्या जायकवाडीच्या जलाशयाकडे पाहा. पाण्याची पातळी महिनाभर तीच दिसली म्हणजे पाणी थबकले असे नाही. आवक आणि विसर्ग यांचा मेळ बसला एवढाच त्याचा अर्थ. हाडाचेही तसेच. काही पेशी जुने हाड विरघळवून टाकतात आणि काही पेशी त्या जागी नवे हाड रचतात. जादा कॉर्टिसॉल हा मेळ सर्व बाजूंनी मोडते. हाड रचणाऱ्या पेशी कमी होतात. विरघळवणाऱ्या पेशी अधिक काळ जगतात. आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते आणि मूत्रावाटे अधिक वाहून जाते. धरणाची आवक घटावी आणि दरवाजेही उघडे राहावेत, तसा हा प्रकार. त्यात दुखणे थांबलेले असल्याने पातळी उतरते आहे याची रुग्णाला जाणीवही होत नाही. दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्यांत हाड मोडण्याचा धोका पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच वाढू लागतो. पाठीचे मणके आतून जाळीदार असतात, म्हणून ते आधी दबतात.

अलीकडचा दाखला आपल्याच राज्यातील आहे. कोविडच्या साथीत, जून २०२० मध्ये, ब्रिटनमधील मोठ्या चाचणीचा निष्कर्ष जाहीर झाला. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिल्याने कृत्रिम श्वासोच्छ्वासावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने आणि प्राणवायू लावलेल्यांचे एकपंचमांशाने घटले. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना मात्र काही लाभ झाला नाही. औषध, मात्रा, मुदत आणि रुग्ण कोणता, हे चारही ठरलेले होते म्हणून हा निष्कर्ष मोलाचा.

पुढे २०२१ साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील अस्थिशल्यविशारद डॉ. संजय अग्रवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन रुग्णांची हकीकत ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. तिघेही चाळिशीच्या आतले. कोविडमधून उठल्यावर त्यांना खुब्यात वेदना सुरू झाल्या. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटून तेथील हाड मृत होऊ लागले होते. कोविडचे निदान झाल्यापासून वेदना सुरू होईपर्यंत सरासरी ५८ दिवस गेले होते. एरवी या विकाराला सहा महिने ते वर्ष लागते. त्यांना मिळालेले स्टिरॉइड प्रेडनिसोलोनच्या हिशेबात सरासरी ७५८ मिलिग्रॅम होते. सर्वांत कमी ४०० आणि सर्वांत जास्त १,२५०. पूर्वीच्या लेखनात असा विकार साधारण २,००० मिलिग्रॅमच्या घरात होतो असे नोंदलेले होते.

आता थोडा त्रैराशिकाचा हिशेब करू. एक मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे कामाच्या दृष्टीने सुमारे चार मिलिग्रॅम कॉर्टिसॉलच्या बरोबरीचे. म्हणजे ७५८ मिलिग्रॅम हे सुमारे ३,००० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल झाले. दिवसाला १५ मिलिग्रॅम धरल्यास ही शरीराची २०० दिवसांची कमाई! डेक्सामेथासोन तर याहून कितीतरी तीव्र. त्याची अर्ध्या मिलिग्रॅमची इवलीशी गोळी सुमारे १३ मिलिग्रॅम कॉर्टिसॉलइतके, म्हणजे जवळजवळ पूर्ण दिवसाचे काम करते. पुडीत अशा दोन गोळ्या कुटून घातल्या आहेत की चार, हे चवीवरून किंवा रंगावरून कोणाला कळणार?

केवळ तीन रुग्णांवरून सिद्धांत कसा काढता, असे कोणी विचारील. रास्त आहे. तीन रुग्ण हा पुरावा नव्हे, तो इशारा आहे. शिवाय कोविडचा विषाणू स्वतःही रक्तात गुठळ्या करतो, तेव्हा सारा दोष स्टिरॉइडच्या माथी मारता येत नाही. पण हा इशारा देता आला कशामुळे? प्रत्येक रुग्णाला किती मिलिग्रॅम मिळाले याची नोंद होती म्हणून. विकार लवकर ओळखून हाडे जपणारी औषधे वेळीच सुरू करावीत, ही या डॉक्टरांची शिफारसही त्या नोंदींवरच उभी आहे. बाजारातल्या पुडीने शंभर जणांची हाडे झिजली तरी त्यातून एक ओळही शिकता येणार नाही, कारण तेथे नोंदच नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. असे लेख वाचून लोक स्टिरॉइडला भिऊ लागले तर? ही भीतीही तितकीच घातक आहे. दम्याच्या मुलाने ओढण्याच्या औषधात स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ते बहुतांशी फुप्फुसातच काम करते. शिवाय चालू असलेल्या गोळ्या मनाने एकदम बंद करणे हे फार मोठे साहस आहे. पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक आठवा. बाहेरून टँकरने टाकी भरत राहिली तर बॉलकॉक वर येऊन नळ बंद ठेवतो. महिनोन् महिने असे चालले की तो गंजून अडकतो. मग टँकर अचानक थांबला तर टाकी कोरडी पडते. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिल्यास अधिवृक्क ग्रंथी अशाच निजतात. त्यांना जागे होण्यास वेळ लागतो, म्हणून डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. पुडी खाणाऱ्याला तर आपण काही थांबवतो आहोत याचाही पत्ता नसतो.

हाडांची पातळी मोजताही येते, आणि तेथे पदार्थविज्ञान कामी येते. डेक्सा नावाच्या यंत्रात दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण शरीरातून पाठवतात. हाड आणि मांस ते निरनिराळ्या प्रमाणात शोषतात. अज्ञात दोन, हाड आणि मांस, मोजमापे दोन. म्हणजे तुमच्या बीजगणितातील एकसामयिक समीकरणेच! पुण्यातील हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर, डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांचे सहकारी यांनी भारतीय मुलांची वाढ आणि त्यांची हाडे यांवर वर्षानुवर्षे मोजमापे केली आहेत. तुमच्या वयात हे विशेष महत्त्वाचे, कारण हाडांचा साठा विशी-पंचविशीपर्यंतच मुख्यतः भरतो. पुढे तो सांभाळायचा असतो.

शिक्षक मित्रांना माझी एक सूचना आहे. येत्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, मुलांना घरातील औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणायला सांगा. प्रत्येकीवरचे औषधाचे मूळ नाव, मिलिग्रॅम आणि मुदत संपण्याची तारीख वहीत उतरवू द्या. ‘आरएक्स’ ही खूण आणि तांबडी रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना न मिळणारे औषध, हे सांगा. मग विचारा, आजोबांच्या पुडीसाठी तक्त्यात काय लिहाल?

ती ओळ कोरी राहील. ती कोरी का राहिली, हे मुलांनी घरी जाऊन सांगावे. आणि आजोबा ती पुडी घेत असतील तर ती परस्पर फेकून न देता, पुडीसह त्यांना डॉक्टरांकडे न्यावे.