नऊ एकांची किमया, दहाव्याचा हातचा

१११११११११ या नऊ एकांच्या संख्येला तिनेच गुणले, तर उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. एकपासून नऊपर्यंत चढणारे आणि तसेच उतरणारे हे सतरा अंक ‘गणिताचा चमत्कार’ म्हणून मोबाइलवर फिरतात. चमत्कार म्हटले की ‘का?’ हा प्रश्नच मागे पडतो. तो पडू नये.

यामागे कोण?

अहिल्यानगरच्या शेजारी, नाशिक जिल्ह्यातील देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी अशा संख्यांचा अभ्यास केला. त्यांना त्यांनी ‘डेम्लो’ हे नाव दिले, तेही मुंबईजवळच्या एका रेल्वे स्थानकावरून. ६१७४ हा ‘कापरेकर स्थिरांक’ही त्यांचाच.

असे का होते?

कागदावर १११ गुणिले १११ मांडा. १११ तीनदा लिहावे लागते, दर ओळीत एक घर डावीकडे सरकवून. उभ्या रकान्यांतील बेरजा १, २, ३, २, १ अशा येतात. उत्तर १२३२१. नऊ एक घेतले, तर मधल्या रकान्यात नऊ एक जमतात. सगळी किमया एवढीच.

दहा एक घेतले तर?

मधली बेरीज दहा होते. शून्य मांडून हातचा एक डावीकडे जातो. तिथे आधीच नऊ असल्याने पुन्हा दहा, पुन्हा हातचा. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढ-उतार मोडला. नऊ वेळा खरी ठरलेली गोष्ट दहाव्यांदा खरी ठरेलच असे नाही. कारण माहीत असेल, तर ती कुठे मोडेल हे आधीच सांगता येते.

आणखी एक गुणधर्म

या सतरा अंकांची बेरीज ८१ आणि संख्येलाही ८१ ने पूर्ण भाग जातो. पण बेरजेवरून फक्त ९ चा भाग सिद्ध होतो. ८१ चे कारण वेगळे: मूळ संख्येला ९ ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने जातो.

यंत्रावर विसंबावे का?

हीच संख्या एक्सेलमध्ये टाका. शेवटचे २१ जाऊन तिथे ०० दिसतात, कारण ते संख्येचे पंधराच अंक जपते. लांबलचक खाते क्रमांक नोंदवताना हे लक्षात हवे. असे क्रमांक तिथे ‘टेक्स्ट’ म्हणून लिहावेत.

शाळेत गणिताचे उत्तर तपासले जाते, कारण क्वचितच विचारले जाते. कापरेकरांच्या या संख्येचे कारण तिसरी-चौथीच्या मुलालाही पेन्सिलीने सापडते. पुढच्या वेळी असा संदेश आला, तर तो पुढे पाठवण्याआधी मुलांना एकच विचारावे: दहावा एक जोडला तर काय होईल?