शब्द मिळाला, शिक्षण गेले

राज्यघटनेच्या उद्देशिकेतील ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द राहावा की जावा, हा वाद पेटला की परिसंवादांतून दोन ठरलेली भाषणे ऐकू येतात. एक वक्ता म्हणतो, हा शब्द आणीबाणीत, विरोधक तुरुंगात असताना घुसडला. तो काढून टाका. दुसरा म्हणतो, शब्द गेला की धर्मनिरपेक्षताच गेली. आमचे म्हणणे असे की दोघेही एका विशेषणाशी झोंबत आहेत, आणि ते विशेषण ज्या कायद्याने आले त्याची पुढची पाने दोघांनीही उलटलेली नाहीत. साहित्याच्या माणसांनी तरी संहिता शेवटपर्यंत वाचायला हवी.

१५ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत के. टी. शहा यांनी पहिल्याच अनुच्छेदात भारताला ‘सेक्युलर, फेडरल, सोशलिस्ट’ ही तीन विशेषणे जोडण्याची सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. समाजाची घडी कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावे, हा त्यांचा एक प्रमुख मुद्दा होता. सूचना फेटाळली गेली. परंतु विशेषणे नाकारली म्हणून आशय नाकारला गेला नाही. धर्मस्वातंत्र्याचे २५ ते २८ हे अनुच्छेद घटनेत आले, तशीच केंद्र आणि राज्ये यांच्यात विषयांची वाटणी करणारी सातवी अनुसूचीही आली. १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात सरन्यायाधीश सिक्री यांनी घटनेच्या मूलभूत चौकटीत धर्मनिरपेक्षता आणि संघराज्यीय स्वरूप ही दोन्ही लक्षणे गणली, तेव्हा उद्देशिकेत यांपैकी एकही शब्द नव्हता.

तीन वर्षांनी, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द उद्देशिकेत घातले. शहांचे तिसरे विशेषण मात्र आले नाही, आणि ते का आले नाही याचे उत्तर त्याच दुरुस्तीत आहे. तिने शिक्षण हा विषय राज्यसूचीतून उचलून समवर्ती सूचीत टाकला. वनेही तशीच गेली. राज्यात सशस्त्र दले पाठविण्याचा अधिकार केंद्राला देणारा २५७-अ हा अनुच्छेदही तिनेच आणला; १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने तो रद्द झाला. शिक्षण मात्र राज्यसूचीत परतले नाही. एका हाताने शब्द दिला आणि दुसऱ्या हाताने शाळा घेतली. आम्ही पन्नास वर्षे शब्दावर भांडलो. शाळेविषयी क्वचितच बोललो.

आणीबाणीत आले ते सारे अवैध, असे म्हणणाऱ्यांना म्हणूनच आमचा एक साधा प्रश्न आहे. हाच न्याय शिक्षणाला लावाल काय? ‘धर्मनिरपेक्ष’ काढा म्हणणाऱ्यांपैकी किती जण शिक्षण राज्यांना परत द्या म्हणतात? नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शब्दांविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. शब्द सुरक्षित राहिला, म्हणून शब्दाचे रक्षक निर्धास्त झाले. आमची खरी तक्रार आहे ती या निर्धास्तपणाविषयी.

कारण धर्मनिरपेक्षतेची परीक्षा होते ती पाठ्यपुस्तकात. २०२३ साली एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासातून मुघल दरबारावरचे प्रकरण गेले, राज्यशास्त्रातून गांधीहत्येसंबंधीचा काही मजकूर गेला. उद्देशिकेतला शब्द जागच्या जागी होता. त्याने काहीही अडविले नाही. केरळने मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वगळलेला मजकूर पूरक पुस्तकांतून विद्यार्थ्यांच्या हाती दिला. जे विशेषणाला जमले नाही ते एका राज्याला जमले.

महाराष्ट्राचा अनुभवही फार वेगळा नाही. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा शासननिर्णय एप्रिल २०२५ मध्ये निघाला आणि जूनअखेर मागे घ्यावा लागला. लेखक, शिक्षक, पालक यांचा आवाज पोहोचला, कारण ज्याच्या दारात जायचे ते सरकार मुंबईत होते.

राज्ये तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहेत, असे कोणी विचारील. नाहीतच. राज्य सरकारेही पुस्तके आपल्या रंगात रंगवितात. १९९४ च्या बोम्मई निकालाने धर्मनिरपेक्षतेविरुद्ध वागणारे राज्य सरकार बडतर्फ होऊ शकते असे म्हटले, तसेच बडतर्फीचा हा अधिकार न्यायालयीन तपासणीबाहेर नाही, असेही म्हटले. आमच्या पुरोगामी मित्रांनी पहिले वाक्य पाठ केले आणि दुसरे सोडून दिले. दिल्लीत आपले लोक बसले की दिल्ली बलवान असावी, ही त्यांची जुनी खोड आहे. लोक बदलतात, बळ तिथेच राहते. एका राज्याची चूक शेजारच्या राज्यातून दिसते, बोलून दाखविता येते. सगळी पुस्तके एकाच टेबलावर ठरू लागली, तर त्या टेबलाची चूक कुठून पाहणार?

या देशावर एकाच धर्माची मालकी नाही आणि एकाच राजधानीचीही नाही. ही दोन वाक्ये आम्ही वेगळी मानत नाही. म्हणून पुढच्या परिसंवादात उद्देशिका जरूर वाचावी. मात्र तिच्याबरोबर सातवी अनुसूचीही वाचावी आणि शिक्षण राज्यसूचीत परत मागणारा ठराव करूनच उठावे.