शांतता मोजून पाहा

आजकाल घराघरांत काही ना काही रेकॉर्ड होत असते. मुलांची किरात, वक्तृत्व स्पर्धेची तयारी, परदेशातल्या भावाला पाठवायचा दादीचा आवाज आणि करोनाच्या काळापासून आम्हा शिक्षकांचे धडेसुद्धा. रेकॉर्ड करताना सगळे ठीक वाटते. मग फाइल एक्स्पोर्ट करावी, मोबाइलवर लावावी, तर बोलण्यामागे सतत ‘सूंऽऽ’ असा आवाज. कुठेतरी नळ थोडा उघडा राहिल्यासारखा. आपण लगेच म्हणतो, “एक्स्पोर्ट करताना फाइल बिघडली.” आम्हीही दोन महिने हेच म्हणत होतो. ते चूक होते. कसे, ते या वेळी सांगतो. ज्यांच्या घरी जुन्या कॅसेटी पडून आहेत, त्यांना याचा जास्त उपयोग होईल.

आमच्या घरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात नऊ कॅसेटी होत्या. अब्बा कुवेतला नोकरीला होते. तेव्हा परदेशी फोन करणे परवडत नसे. कुणी सुट्टीवर येणारा असला की अब्बा त्याच्याबरोबर आपले बोलणे भरलेली कॅसेट पाठवत आणि तो परत जाताना आम्ही आमची कॅसेट देत असू. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत ताब्यात घेतले. अब्बा अम्मानमार्गे अंगावरच्या कपड्यांनिशी परतले. आम्ही पाठवलेल्या कॅसेटी तिकडेच राहिल्या. त्यामुळे आमच्याकडे संभाषणाची एकच बाजू आहे, अब्बांची.

अब्बांचा इंतकाल होऊन अकरा वर्षे झाली. यंदा धाकट्या भावाने दोहाहून हट्ट धरला की कॅसेटी संगणकावर घ्या, नाहीतर एक दिवस फीत तुटेल आणि सगळे जाईल. आम्ही जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणला, त्याच्या हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला जोडली आणि ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पहिली कॅसेट भरून घेतली. शेवटी आवाज मोठा करून एमपी-थ्री फाइल बनवली आणि अम्मीला ऐकवली. अम्मी कानाला यंत्र लावते. दहा सेकंद ऐकून तिने यंत्रच काढून ठेवले. म्हणाली, “मागे पाऊस पडतोय का? मला शब्द कळत नाहीत.”

मग आम्ही ती चूक केली, जी बहुतेक जण करतात. सॉफ्टवेअरमध्ये आवाज स्वच्छ करण्याची सोय असते, ती जोरात चालवली. एकदा भागले नाही म्हणून दोनदा. सरसर गेली खरी, पण आपा मुंब्र्याहून म्हणाली, “अब्बा पाण्यात तोंड बुडवून बोलताहेत असं वाटतं.” अम्मीने पूर्ण ऐकले आणि विचारले, “हे कोण आहे?”

तो प्रश्न मनाला लागला. काम बाजूला ठेवले.

शाळेत नववीचा एक मुलगा आहे, मोबाइलवर व्हिडिओ बनवतो. त्याच्याशी सहज बोलणे निघाले. त्याने एकच विचारले, “सर, ही सरसर मूळ रेकॉर्डिंगमध्ये होती की नव्हती?” आम्हाला उत्तर देता येईना. गणिताच्या वहीत उत्तर चुकले की आम्ही मुलांना सांगतो, शेवटची ओळ खोडू नका, चूक कोणत्या पायरीवर झाली ते शोधा. इथे आम्ही स्वतःच शेवटची ओळ खोडत बसलो होतो.

तेव्हा आता पायरीपायरीने.

पहिली पायरी: दोन्ही फाइली एकाच कानाने ऐका. आम्ही मूळ रेकॉर्डिंग लॅपटॉपच्या बारीक स्पीकरवर, डोक्यावर पंखा फिरत असताना ऐकले होते आणि एक्स्पोर्ट केलेली फाइल रात्री इअरफोन लावून. पंख्याच्या आवाजात सरसर ऐकू येणारच नव्हती. दोन्ही फाइली एकाच इअरफोनवर, एकाच आवाजात, पंखा बंद करून लावल्या तेव्हा कळले की सरसर मूळ रेकॉर्डिंगमध्येही होती, फक्त हळू होती.

दुसरी पायरी: ऐकण्याचे साधन तपासा. काही स्वस्त ब्लूटूथ इअरफोन स्वतःच बारीक सरसर करतात. सॉफ्टवेअरमध्ये दहा सेकंदांची कोरी शांतता तयार करून ती एक्स्पोर्ट करा आणि ऐका. तिच्यातही तेवढीच सरसर आली, तर दोष फाइलीचा नाही, कानात घातलेल्या वस्तूचा आहे. आवाज ‘सूंऽऽ’ नसून जाड ‘गूंऽऽ’ असा असेल, तर तो बहुधा विजेचा असतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून पाहा, पुष्कळदा तेवढ्याने जातो.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची: बोलणेही मोजा आणि शांतताही मोजा. एक्स्पोर्ट केलेली फाइल पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये घ्या, मूळ रेकॉर्डिंगच्या खाली ठेवा. दोन वाक्यांच्या मधली मोकळी जागा निवडून लावा आणि आवाजाची पट्टी कुठवर जाते ते पाहा. ही पट्टी डेसिबलमध्ये असते. वरचे टोक शून्य, खाली उणे आकडे. ६ डेसिबलचा फरक म्हणजे आवाजाची लाट दुप्पट, २० डेसिबलचा म्हणजे दहापट. आमच्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये अब्बांचे बोलणे उणे ३० पर्यंत जात होते आणि मधली शांतता उणे ६२ वर होती. एक्स्पोर्ट केलेल्या फाइलीत बोलणे उणे ३ आणि शांतता उणे ३५. दोन्ही बरोबर २७ ने वर गेले होते. म्हणजे एक्स्पोर्टने नवीन काही घातले नव्हते. शेवटी आवाज मोठा करताना, ज्याला सॉफ्टवेअरमध्ये नॉर्मलाइज म्हणतात, बोलण्याबरोबर सरसरही तेवढीच मोठी झाली. रश्श्यात पाणी जास्त झाले असेल, तर मोठ्या भांड्यात ओतून तो दाट होत नाही.

तुमच्याकडे मात्र बोलणे तिथेच आणि शांतता तेवढी वर आली असेल, तर मधल्या एखाद्या पायरीवर काहीतरी मिसळले आहे. तेव्हा तीन गोष्टी बघा. एक, खाली दुसरा एखादा ट्रॅक राहून गेला आहे का? एक्स्पोर्ट करताना, बंद न केलेले सगळे ट्रॅक एकत्र होतात. आपल्याला रिकामा वाटणारा ट्रॅक खोलीतल्या माईकचा असू शकतो. दोन, आवाज ‘सुधारणारा’ कंप्रेसरसारखा इफेक्ट लावला आहे का? तो बोलण्याची उंच टोके दाबतो आणि मग सगळेच वर उचलतो, त्यात शांततेची पातळीही वाढते. तीन, फाइल ८ बिटमध्ये बनवली आहे का? ८ बिटमध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात सुमारे ४८ डेसिबलचे अंतर मावते, १६ बिटमध्ये सुमारे ९६. ८ बिटची सरसर सहज ऐकू येते, १६ बिटची सहसा येत नाही. एमपी-थ्रीचा बिटरेट फार कमी ठेवला तर सरसर नव्हे, पण आवाज पाणचट आणि किणकिणता होतो. बोलण्यासाठी १२८ च्या खाली जायची गरज नाही.

मोबाइलवर रेकॉर्ड करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. बोलणे थांबले की काही मोबाइल माईकची ताकद आपोआप वाढवतात. म्हणून प्रत्येक वाक्यानंतर सरसर फुगते आणि बोलू लागले की बसते. ही एक्स्पोर्टची चूक नव्हे, रेकॉर्डिंगच्या वेळचीच आहे.

आता पुन्हा आमच्या कॅसेटीकडे. आमच्याकडे बोलणे आणि शांतता यांत अंतर होते ३२ डेसिबल. साधी कॅसेटही बरी भरलेली असेल तर पन्नाशीच्या आसपास अंतर देते. मग बाकीचे गेले कुठे? शोधल्यावर सापडले. आम्ही वायर लॅपटॉपच्या माईकच्या भोकात घातली होती. माईकचा आवाज मुळात फार क्षीण असतो, म्हणून त्या भोकामागे आवाज वाढवणारी यंत्रणा असते आणि तिची स्वतःची सरसर असते. त्यात आमच्याकडे ‘माईक बूस्ट’ चालू होते. आवाज फाटू नये म्हणून आम्ही टेपरेकॉर्डरचा आवाज अगदी कमी ठेवला होता. क्षीण आवाज आत पाठवायचा आणि तो आत गेल्यावर वाढवायचा, असा उलटा कारभार झाला होता.

मग लाइन-इनचे भोक असलेले छोटे यूएसबी साउंड कार्ड घेतले. टेपरेकॉर्डरचा आवाज मध्यावर आणला. रेकॉर्ड करताना पट्टी उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान नाचेल एवढेच बघितले. टेपचे हेड कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसले, काडी तपकिरी झाली. ज्यांच्या प्लेयरवर डॉल्बीचे बटन आहे त्यांनी तेही पाहावे: कॅसेट डॉल्बीत भरलेली असेल तर ते चालू हवे, नसेल तर बंद. उगाच चालू ठेवले तर आवाज बसका होतो.

दुसऱ्या वेळी बोलणे आले उणे ८ वर, शांतता उणे ५४ वर. अंतर ४६. नॉर्मलाइज करून बोलणे उणे ३ पर्यंत नेले, तेव्हा शांतता उणे ४९ वर राहिली. पहिल्या फाइलीत ती उणे ३५ वर होती. म्हणजे सरसरीची लाट जवळजवळ पाचपट लहान झाली आणि अजून साफसफाई केलेलीच नव्हती.

उरलेली सरसर फितीची होती. तिच्यासाठी साफसफाईची सोय वापरली, पण या वेळी बेताने. नुसत्या सरसरीचा दोन-तीन सेकंदांचा तुकडा नमुना म्हणून दाखवायचा, मग फक्त ६ डेसिबल कमी करायला सांगायचे. जास्त नाही. कारण स, श, फ यांसारख्या वर्णांचा आवाज वरच्या पट्टीत असतो आणि सरसरही तिथेच टोचते. सरसर खरवडून काढली की हे वर्णही खरवडले जातात. वयानुसार कानही आधी वरच्या पट्टीतच कमी होतो. ज्या अम्मीसाठी आम्ही आवाज स्वच्छ करत होतो, तिच्याच कामाचा भाग आम्ही फेकून देत होतो.

मूळ रेकॉर्डिंग कसलाही इफेक्ट न लावता वेव्ह फाइल म्हणून दोन ठिकाणी ठेवले आहे. साफ केलेली एमपी-थ्री वाटायला वेगळी. कॅसेटी टाकलेल्या नाहीत. लोखंडी कपाटात, स्पीकरच्या चुंबकापासून दूर, उभ्या ठेवल्या आहेत.

नव्याने घरात रेकॉर्ड करणाऱ्यांना एवढेच सांगणे: पंखा बंद करा, खिडकी लावा, माईक तोंडापासून वीतभर अंतरावर धरा आणि बोलण्याआधी पाच सेकंद गप्प बसा. ही पाच सेकंदे पुढे शांतता मोजायला लागतात आणि सरसरीचा नमुना म्हणूनही.

दुसरी फाइल अम्मीला शुक्रवारी दुपारी ऐकवली. सरसर थोडी आहे, ती म्हणालीही, “पाऊस अजून आहे.” पण यंत्र काढले नाही. अब्बा सलाम करून सगळ्यांची खैरियत विचारतात. मग विचारतात की पावसाच्या आत कौले चाळून घेतली का, माणूस मिळाला का, की पैसे कमी पडले.

अम्मी मोबाइलकडे बघत म्हणाली, “घेतली होती. तुम्हाला कॅसेटमध्ये सांगितलं होतं मी.”

आमच्या डब्यातल्या आठ कॅसेटी अजून बाकी आहेत. दिवाळीच्या सुट्टीत एकेक करून घेणार आहोत.