अँजिओग्राफी नॉर्मल, तरी छातीत दुखतंय? अंगावर काढू नका!

जिना चढताना छाती आवळल्यासारखी होते, कळ जबड्यात किंवा पाठीत जाते, दम लागतो. अँजिओग्राफी होते, ‘ब्लॉकेज नाही’ असा रिपोर्ट येतो आणि घरचे निर्धास्त होतात. दुखणं मात्र तसंच राहतं. मग ‘गॅस असेल’, ‘फार टेन्शन घेतेस तू’ असं ऐकून घेत घरातली बाई गप्प बसते. कृपया असं गप्प बसू नका.

अँजिओग्राफीत हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्या दिसतात. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक वाहिन्यांचं जाळं तिच्यात दिसत नाही. श्रमाच्या वेळी या वाहिन्या पुरेशा रुंदावल्या नाहीत, तर हृदयाला रक्त कमी पडतं. याला मायक्रोव्हॅस्क्युलर अंजायना म्हणतात. काहींची मोठी धमनीच मध्येच आकुंचन पावते आणि तपासणीच्या वेळी मोकळी दिसते. हे दुखणं बहुधा रात्री किंवा पहाटे, स्वस्थ पडलेलं असताना येतं. धूम्रपानाने ते बळावतं.

असा त्रास दुर्मिळ नाही. अंजायनासाठी, म्हणजे छातीतल्या अशा दुखण्यासाठी, अँजिओग्राफी केलेल्यांपैकी जवळपास निम्म्या रुग्णांत मोठा अडथळा सापडत नाही. त्यांत स्त्रियांचं प्रमाण जास्त असतं. ब्लॉकेज नसतानाही हार्ट अटॅक येऊ शकतो.

म्हणून आमचं कळकळीचं आवाहन:

१. दुखणं कधी येतं, किती मिनिटं टिकतं, कशाने थांबतं, हे वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा.

२. ‘बारीक वाहिन्यांचा किंवा आकुंचनाचा त्रास असेल का?’ असं हृदयरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारा. स्ट्रेस एमआरआयसारख्या तपासण्या मोठ्या रुग्णालयांत होतात.

३. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बीपी, शुगर, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या मनाने बंद करू नका. तंबाखू, सिगारेट सोडा.

४. घरच्यांनो, ‘मनाचे खेळ’ म्हणून तिला उडवून लावू नका.

निदान झालं, तर उपचार आहेत. स्कॉटलंडमध्ये १५१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नेमकं कारण शोधून औषधं दिलेल्या रुग्णांचा त्रास सहा महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाला.

छातीत जोराची कळ थांबत नसेल, दरदरून घाम सुटला असेल, चक्कर येत असेल, तर जुना रिपोर्ट शोधत बसू नका. स्वतः गाडी चालवू नका. ताबडतोब १०८ ला फोन करा!