पोरें बिघडलीं कीं दार बंद झालें?

“पोरें बिघडलीं!” ही हाकाटी हल्लीं गांवोगांवीं ऐकूं येते. पारावर टवाळी, एसटीच्या थांब्यावर आरडाओरड, जत्रेंत मारामारी, आणि उपाय विचारला कीं एकच उत्तर, “पोलिसांत द्या!” आमचा सवाल एवढाच कीं, दिवस मावळल्यावर या पोरांनीं जावें तरी कोठें?

हा सवाल विलायतेंत, लंडन शहरांत, तावूनसुलाखून निघाला आहे. तेथें सार्वजनिक पैशावर चालणारे तरुणांचे क्लब आहेत. शाळा सुटली कीं मुलें तेथें येतात, खेळतात, गातात, आणि जाणतीं माणसें त्यांस वळण लावतात. २०१० पासून २०१९ पर्यंत काटकसरीच्या नांवाखालीं त्यांपैकीं सुमारें ३० टक्के क्लबांस कुलूप लागलें. त्याचें फळ काय? तेथील इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेनें २०२४ सालीं हिशेब मांडला. ज्यांच्या घराजवळचा क्लब बंद पडला, त्या १० ते १७ वर्षांच्या मुलांच्या हातून गुन्हा घडण्याचा संभव १४ टक्क्यांनीं वाढला. परीक्षेंतही अशीं मुलें मागें पडलीं. वांचविलेल्या दर पौंडामागें समाजाच्या माथीं सुमारें तीन पौंडांचा बोजा बसला. ही काटकसर कसली? हें तर पेरणीचें बियाणें दळून खाणें झालें!

मुलें तींच, आईबाप तेच. बंद झालें तें फक्त दार. “अमक्या वस्तीचीं पोरें जात्याच गुंड” असें म्हणणाऱ्यांनीं हा हिशेब नीट वाचावा.

आम्हांस ही गोष्ट परकी नाहीं. शाहू छत्रपतींनीं कोल्हापुरांत विद्यार्थ्यांसाठीं बोर्डिंगें काढलीं, तालमींस आश्रय दिला, १९१२ सालीं खासबागेचें कुस्तीचें मैदान उभें केलें. तरुणांच्या अंगच्या रगेला त्यांनीं वाट करून दिली. पाण्याला पाट न काढतां बांध फुटला म्हणून पाण्यासच शिव्या देणारा शेतकरी शहाणा म्हणावा काय?

बंधूभगिनींनो, येत्या ग्रामसभेंत उभे राहून मागा : तालमीचें दार रोज सायंकाळीं उघडें हवें, वाचनालयांत दिवा हवा, आणि दोहोंवर लक्ष ठेवणारा पगारी, जाणता माणूस हवा. नुसत्या भिंतींनीं ठेकेदाराचें घर भरतें, पोरांचें भलें होत नाहीं. आणि हें दार मुलींसही तितकेंच उघडें असावें. पैसा नाहीं, असें सांगतील. त्यांस विचारा : मग कोर्टकचेरीला आणि तुरुंगाला पैसा कोठून येतो?